आमचं हॉटेल वाचलं

५ जानेवारी, सोमवार

शाळेचा बक्षीस समारंभ. निवेदन करणारी बाई माईकवर म्हणाली, "आणि आता मंचावर येताहेत आपल्या लाडक्या ताईंचे मिस्टर!" टाळ्या. नाव घ्यायचं राहून गेलं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. कॅनिंगचा कारखाना, पेट्रोलपंप, हातखंबा तिठ्यावरचं हॉटेल, वडिलांनी लावलेली हापूसची बाग, सगळं मिळून काय? मिस्टर. वैशाली राज्यमंत्री झाल्यापासून रमाकांत नावाचा माणूस गावात उरलेला नाही. बक्षिसं मी वाटली. तीही 'ताईंच्या वतीने'.

परतताना तिठ्यावर थांबलो. रस्त्याच्या कामाची माणसं, पाडायच्या बांधकामांवर फुल्या मारायला, लाल रंगाचा डबा घेऊन फिरत होती. दत्ताच्या गॅरेजवर फुली. शेजारी त्याच्या बायकोची, शालिनीवहिनींची खानावळ, तिच्यावरही फुली. मला कळेना. त्या बाजूचं काहीच जाणार नव्हतं. म्हटलं, चुकून मारली असेल. आमच्याकडे उद्या येतील.

बी.पी. वाढलंय. डॉक्टरनी गोळी बदललीन.

६ जानेवारी, मंगळवार

आमच्याकडे आलेच नाहीत. मॅनेजर शेट्येंना विचारलं. म्हणाले, "आपल्याकडे खूण नाय, शेठ. इथलं काम संपलं म्हणून सांगून गेले." आणि हसले. लॉटरी लागल्यासारखे.

जुन्या आखणीत सर्व्हिस रोड सरळ होता. आमच्या हॉटेलचा पुढचा हॉल, पानाची टपरी, कुंड्या सगळं त्यात जात होतं. तशी नोटीसही आली होती. मी म्हटलं होतं, घ्या. मागे जागा पडलीय, तिकडे बांधू. आता तोच रस्ता आमच्यापाशी आला की पलीकडे वळतो, दत्ताच्या गॅरेजवरून जातो, आणि आमची हद्द संपली की पुन्हा सरळ होतो. आंधळ्यालाही दिसेल.

दत्ता फोन उचलत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

दत्ताकडे गेलो. चड्डीत होतो तेव्हापासूनची दोस्ती. माझा बाप तिठ्यावर चहा विकायचा, त्याचा बाप समोर पंक्चर काढायचा. मी वाढलो, तोही त्याच्या परीने वाढला. वैशालीच्या पहिल्या निवडणुकीत हाच मेला स्कूटरला भोंगा बांधून वाडीवाडीत फिरला. घसा बसला तर खडीसाखर चघळत फिरला.

मला बघून ट्रकखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "अभिनंदन."

"दत्ता, मला खरंच काही माहीत नाही."

"मला सांगायचंस तरी होतंस. माझ्या हातानं पत्रे उतरवले असते."

"अरे, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ ठेव तुझ्याकडे. मग कोणी फिरवलान रस्ता? देवानं?"

गॅरेजमधली पोरं काम थांबवून बघत होती. वहिनी बाहेर आल्या. एरवी भावोजी, भावोजी करतात. आज म्हणाल्या, "शेठ, चहा घेणार?" इतक्या वर्षांत त्यांनी मला 'घेणार का' असं विचारलेलं नाही. समोर आणून आदळायच्या.

घेतला नाही. घ्यायला हवा होता.

११ जानेवारी, रविवार

वै. घरी. पंधरा दिवसांनी. सकाळपासून पडवीत माणसं. बदली, ॲडमिशन, बंधारा, कुणाचा तरी पासपोर्ट. मला माझ्याच घरात मागच्या दाराने यावं लागतं.

जेवताना विचारलं, "हातखंब्याचा रस्ता तू फिरवलास?"

"कुठला रस्ता?"

तिला माहीत नव्हतं. मला तिचा खोटा चेहरा ओळखता येतो, तो हा नव्हता. तेवढ्यात तिचा पी.ए. कदम, जो आमच्या जेवणाच्या टेबलाशीसुद्धा फोन घेऊन उभा असतो, तो म्हणाला, "ताई, ते झालं व्यवस्थित. साहेबांच्या हॉटेलला धक्का नाही."

"तुला कोणी सांगितलं होतं?" मी.

"सांगावं लागत नाही, साहेब. तिकडचे अधिकारी समजूतदार आहेत."

समजूतदार! म्हणजे कुणी फोन केला नाही, कुणी चिठ्ठी दिली नाही. कुणीतरी नकाशावर माझं नाव वाचलं, त्यापुढे माझ्या बायकोचं पद वाचलं आणि पेन्सिल वळवली. हिने सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

वै. म्हणाली, "मी बघते." मग भाकरी मोडत म्हणाली, "पण अहो, एवढं चिडायला काय झालं? आपलं वाचलंच ना."

उठलो. पानात सुरमई तशीच. कदम बाजूला झाला, अदबीने. त्या अदबीचाच मला जास्त राग येतो.

१६ जानेवारी, शुक्रवार

रस्त्याच्या ऑफिसात गेलो. साहेब खुर्चीतून उठून दारापर्यंत आले. तिळगूळ दिला. म्हणाले, "वळणाची भूमिती, साहेब. तांत्रिक कारण आहे."

"सरळ रस्त्याला वळणाची भूमिती कुठून आली?"

हसले.

मी स्पष्ट सांगितलं. जुनी आखणी ठेवा, माझा हॉल घ्या, समोरचं गॅरेज सोडा. दोनदा सांगितलं. मराठीतच सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. शेवटी माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "भावना पोचल्या साहेब. ताईंना सांगा, आमच्याकडून काही कमी राहणार नाही."

काय पोचलं? कुणाला पोचलं?

२१ जानेवारी, बुधवार

कळलं काय पोचलं ते. आज एक कनिष्ठ अभियंता हॉटेलवर आला. शेट्येंना म्हणाला, शेठ नाराज आहेत असं वरून समजलं, म्हणून दुभाजकाला बरोबर आपल्या दारासमोर मोकळी जागा ठेवतोय. गोव्याकडून येणाऱ्या गाड्या थेट आत.

म्हणजे मी ओरडायला गेलो, त्यांना वाटलं मागायला आलाय. अजून ओरडलो तर माझ्या दारात विमानतळ बांधतील. आयशीचा घो यांच्या.

२४ जानेवारी, शनिवार

लेखी अर्ज दिला. टाइप न करता स्वतःच्या अक्षरात. माझी जागा घ्या, मूळ आखणी कायम ठेवा, माझी कोणतीही हरकत नाही. खाली पूर्ण नाव. 'मिस्टर' नाही.

संध्याकाळी कदमचा फोन. "साहेब, तो अर्ज मी थांबवलाय. आवकला नोंद होऊ दिली नाही. ताईंशी बोलून घ्या एकदा."

माझा अर्ज. माझी जागा. थांबवणारा हा कोण?

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन वै.च्या हस्ते. मी पहिल्या रांगेत, सोफ्यावर. तिने दोरी ओढली, फुलं पडली, बँड वाजला. माझी छाती फुगली. राग आला तो त्याचाच. इतकं सगळं चाललंय तरी ती सलामी घेते तेव्हा मला वाटतं, बघा रे, माझी बायको आहे.

जिल्हा परिषदेची उमेदवारी खरं तर मला द्यायची होती. जागा महिलांसाठी राखीव झाली. पक्षाची माणसं घरी आली, म्हणाली, वहिनींचं नाव द्या, काम तुम्हीच बघायचं. ती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होती, पेपर तपासत बसली होती. मी म्हटलं, सही कर. तिने आधी सगळा कागद वाचला, मग सही केली. निवडून आल्यावर पहिल्या बैठकीला मी तिच्याबरोबर आत शिरलो, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा." बाहेर बसलो. त्या दिवशी चिडलो नव्हतो. घरी येताना मला हसू फुटत होतं. मनात म्हटलं, ही बाई पुढे जाणार.

२७ जानेवारी, मंगळवार

वै.शी भांडण. फोनवर, ती मंत्रालयातून.

"तुम्ही तसा अर्ज दिलात म्हणजे आखणी तुमच्यासाठी बदलली हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं आहे. उद्या विरोधक तो कागद सभागृहात फडकवतील. माझा राजीनामा मागतील."

"पण ते खरंच आहे."

"मी केलेलं नाही!"

"मग दुरुस्त कर."

"दुरुस्त करायला फोन केला तर मंत्र्याने हस्तक्षेप केला म्हणतील. नाही केला तर नवऱ्याचं वाचवलं म्हणतील. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते."

"दत्ताला काय सांगू?"

ती म्हणाली, "दत्ताभाऊंना सांगा, मोबदला चांगला मिळेल. मी लक्ष घालीन."

मी फोन ठेवला. तिच्यावर असा कधी ठेवला नव्हता.

तिचं सगळं पटतं. पटतं म्हणूनच डोकं जास्त फिरतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

द.चं गॅरेज पाडलं.

सकाळी पोलीस, जेसीबी, अधिकारी. मी गेलो. का गेलो? घरी बसून ऐकणं जमलं नसतं. द. लिफ्टचं मशीन आधीच काढून घेऊन गेला होता. वहिनी खानावळीतून एकेक भांडं बाहेर आणत होत्या. मोठी परात, तवे, माशाचं कालवण करायची ती जुनी पातेली. मी एक उचलायला गेलो. म्हणाल्या, "असू दे." पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. जोराने नाही, हलकेच.

पत्रे उतरवल्यावर भिंत एका धक्क्यात गेली. मला वाटलं होतं, वेळ लागेल.

बघ्यांची गर्दी. कुणीतरी ताईंच्या निषेधाची घोषणा दिली. दोघे-तिघे वळून माझ्याकडे बघायला लागले. मोबाइल माझ्याकडे वळले. एक पोलीस धावत आला, "साहेब, आत हॉटेलात जाऊन बसा, ऊन आहे." आत! गॅरेज पडताना समोरच्या वाचलेल्या हॉटेलात पंख्याखाली बसून बघू?

द. जीपला टेकून सगळं बघत होता. निघताना म्हणाला, "जा आता. तुझ्यामुळे पोलीस वाढवलेनी." आणि जीप काढून गेला.

उन्हात उभा राहिलो. कशासाठी ते मलाच माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून कीर्तीचा फोन. लेक माझी, पण आवाज आईचा. म्हणाली, "बाबा, व्हिडिओ बघितला. तुमचा चेहरा कसा दिसतोय!"

"कसा?"

"कुणाला तरी मारणार असल्यासारखा. नक्की राग कुणाचा आहे तुम्हाला? आईचा?"

म्हटलं, त्या अधिकाऱ्याचा. मग म्हटलं, कदमचा. मग शेट्येंचाही आला, हसले म्हणून. दत्ताचाही, माझ्यावर विश्वास ठेवलान नाही म्हणून. आईचं नाव घेतलं नाही. कीर्ती म्हणाली, "आणि स्वतःचा?"

मी काय केलं? मी काहीच केलं नाही! तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, "हं."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

केलं.

सकाळी पंपावर आमचाच जेसीबी डिझेल भरायला आला होता. बागेच्या कामासाठी घेतलेला. ड्रायव्हरला म्हटलं, चल तिठ्यावर. तो म्हणाला, कुठला चर खणायचा? म्हटलं, चर नाही.

हॉलमध्ये चार टेबलांवर माणसं. मिसळ, घावणे. शेट्येंना सांगितलं, गिऱ्हाइकांना मागच्या खोलीत घ्या, मांडणीतलं सामान काढा, वायरमनला बोलवा, लाइट तोडा. ते नुसतेच उभे राहिले. "शेठ, बाईंना विचारलंत?"

त्या प्रश्नाने उरलेलं शहाणपणही गेलं.

जुन्या आखणीची रेघ मला पाठ आहे. पानाच्या टपरीपासून गल्ल्यापर्यंत. बोटाने दाखवली. ड्रायव्हरने तीनदा विचारलं, "नक्की?" मग बकेट उचललीन.

बोर्ड पडला. कमान पडली. वडिलांच्या वेळची जांभ्याची भिंत मात्र हलेना. तिला बराच मार द्यावा लागला. ती पडत नव्हती तेव्हा एकदा वाटलं, थांबवावं. थांबवलं नाही. पडली. लाल धूळ. माझ्या तोंडात, केसांत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीतलं काहीतरी मोकळं झालं. ओरडलोही असेन. शेट्ये म्हणतात, ओरडत होतात.

वै.चे फोन वाजत राहिले. उचलले नाहीत.

समोर द.ची जागा. सपाट, खडी पडलेली. तिथे बघायला कोणी नव्हतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार



वै. सकाळीच मुंबईहून. घरी न येता थेट तिठ्यावर. मला निरोप, या. म्हटलं, होऊ दे भांडण, लोकांसमोर होऊ दे. तयारी करून गेलो. काय काय बोलायचं ते गाडीत ठरवलं.

तिथे कॅमेरे. पत्रकार. कार्यकर्ते. वै. ढिगाऱ्यावर उभी, पदर कमरेला खोचलेला, हातात माईक. "विकासाची सुरुवात दुसऱ्याच्या घरापासून करायची नसते. ती स्वतःच्या घरापासून करायची. मी माझ्या मिस्टरांना सांगितलं, आधी आपलं पाडा."

सांगितलं! हिने! मला!

पुढे झालो. बोलायला तोंड उघडलं. तिने माझा हात धरला आणि वर केला. फोटो. टाळ्या. माझा हात तिच्या हातात, आणि तिची पकड अशी की सोडवला असता तर झटापट दिसली असती.

सोडवला नाही. का नाही सोडवला?

गाडीत काचा वर करून:

"लाज वाटत नाही तुला?"

"तुम्हाला वाटली का? मला न विचारता, भर दिवसा! तुम्हाला माहीत आहे आज सकाळी बातमी काय लागणार होती? 'मंत्र्याच्या पतीची कबुली.' मी रात्रभर प्रवास करून ती फिरवली. तुम्ही रागाच्या भरात पाडलंत. निस्तरलं मी."

"मी तुझ्यासाठी पाडलं नाही."

"माहीत आहे. दत्ताभाऊंसाठी पाडलंत. मला काही कमी वाईट वाटलं का त्यांचं? माझ्या पहिल्या सभेत खुर्च्या त्यांनी मांडल्या होत्या."

"मग आता तरी रस्ता सरळ होईल?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आखणी मंजूर झालीय. दत्ताभाऊंचं पाडून झालंय. आता सरळ करून काय मिळणार?"

म्हणजे त्याचंही पडलं, माझंही पडलं, आणि रस्ता आहे तसा वाकडाच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बॅनर. माळनाक्यापासून तिठ्यापर्यंत. वै.चा मोठा फोटो, हात जोडलेले. कोपऱ्यात लहान मी, धुळीने माखलेला. 'आधी स्वतःचं, मग जनतेचं!' कुणी सुचवलं असेल ते सांगायला नको.

न्हाव्याकडे गेलो तर तो म्हणाला, "शेठ, धन्य तुमची. ताईंचा शब्द मोडला नाहीत." त्याच्या हातात वस्तरा होता म्हणून गप्प बसलो.

पक्षात बोलणं सुरू आहे म्हणे, पुढच्या विस्तारात तिला कॅबिनेट मिळणार.

२२ फेब्रुवारी, रविवार

द.च्या घरी. हल्ली तो अंगणातच स्कूटर दुरुस्त करतो. त्याला म्हटलं, माझी पुढची जागा आता मोकळी आहे. रस्ता तिकडे येत नाही. तू तिथे गॅरेज टाक. वहिनींची खानावळही टाक. कायमची तुझी.

तो पाना ठेवून उभा राहिला. "तुझ्या अंगणात?"

"आपल्या."

"आपल्या नाय, तुझ्या. उद्या तिथे पण बोर्ड लागेल. ताईंनी गरिबाला जागा दिलीन. मी त्या फोटोत उभा राहू? तुझा झाला तसा माझापण फोटो व्हायला पाहिजे?"

"मग मी काय करू ते तरी सांग!"

मी किंचाळलोच. शेजारची माणसं बाहेर आली. तो शांतपणे म्हणाला, "ते मला कशाला विचारतंस? मला माझी जागा होती."

वहिनींनी पाणी दिलं. घेतलं. गटागट प्यायलो.

७ मार्च, शनिवार

शिमगा. ग्रामदेवतेची पालखी तिठ्यावर आली. दरवर्षी आमच्या हॉटेलच्या हॉलमध्ये बसते. यंदा हॉलच नाही. मोकळ्यावर पाट मांडला, वर ताडपत्री. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांचं भलं कर, बारा पाचाच्या देवा, वगैरे. मी हात जोडून उभा. काही मागावंसं वाटलं नाही.

मग पोरं फाका घालायला लागली. शिमग्यात कुणालाही शिवी द्यावी, कुणी रागवायचं नाही. ढोलाच्या पुढे दत्ता. त्याने हात वर केला. "रस्त्याच्या साहेबाच्या बैलाला होऽऽ!" सगळे, "होऽऽ!" मग, "पेन्सिलवाल्याच्या बैलाला होऽऽ!" "होऽऽ!" मग माझ्याकडे न बघता, "ताईंच्या बैलाला होऽऽ!"

कोणी 'हो' म्हटलं नाही. ढोल थांबला. सगळ्या माना माझ्याकडे.

मला वै.ची बाजू घ्यावीशी वाटली. खरंच वाटली. आणि द.ची गचांडी धरावीशीही वाटली. त्याऐवजी पुढे झालो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडलो, "ताईंच्या मिस्टरच्या बैलाला होऽऽ!"

हसणं फुटलं, ढोल सुरू झाला. पुन्हा ओरडलो. पुन्हा. घसा फाटेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं. गुलालाने असेल.

पालखी पुढे सरकल्यावर द. जवळ आला. ढोलाच्या आवाजात कानाशी तोंड आणून म्हणाला, "कोर्टात जातोय मी. आखणीवर. वकील म्हणतो, तुझं प्रतिज्ञापत्र लागेल. तुझी नोटीस आलेली, तुझा अर्ज दाबलानी म्हणतात, ते सगळं. मागायला आलो नाय. सांगायला आलो."

"मी दिलं तर वै..."

"ते माहीत हाय मला. म्हणूनच मागत नाय."

आणि पालखीच्या दांड्याखाली खांदा द्यायला गेला.

९ मार्च, सोमवार

कालपासून कुणाशी बोललो नाही. कारखान्यात जाऊन उगाच सुपरवायझरवर डाफरलो. आंब्याचा हंगाम तोंडावर, बॉयलरची तपासणी झालेली नाही. ते खरं. पण डाफरलो त्यासाठी नाही.

प्रतिज्ञापत्र दिलं की तिचं पद जाणार. कॅबिनेट तर राहिलंच. ज्या बाईने यात काही केलेलं नाही तिचं. ज्यांनी केलं त्यांची फार तर बदली होईल, बढतीवरसुद्धा.

नाही दिलं, तर त्या बॅनरवरचं खरं ठरतं.

१० मार्च, मंगळवार

वै. घरी आली. पडवीतल्या माणसांना कदमने चहा पाजला. मी तिला माडीवर बोलावलं, दार लावलं, सगळं सांगितलं. एका दमात. दत्ता, कोर्ट, प्रतिज्ञापत्र. मी देणार आहे हेही सांगितलं. सकाळी दत्ताला फोनवर सांगेपर्यंत ते मलाच माहीत नव्हतं.

वाटलं होतं रडेल, ओरडेल. ती खुर्चीत बसून राहिली. बराच वेळ खाली कुणाच्या तरी बदलीची चर्चा ऐकू येत होती.

"मी एवढी वर्षं कुणाचा कपभर चहा घेतला नाही," ती म्हणाली. "टेंडरला हात लावला नाही. तुमचा पंप माझ्या खात्यात येऊ नये म्हणून खातं नको म्हटलं. आणि मी जाणार एका अशा माणसामुळे ज्याला मी ओळखतही नाही."

"मग तूच बोल. तूच सांग लोकांना, आखणी चुकली. माझ्याआधी."

"आणि त्या ढिगाऱ्यावर मी काय बोलले ते?"

चिडून म्हटलं, "ते तुझं तू बघ."

"तेच बघत आलेय इतकी वर्षं," म्हणाली. "माझं मी."

दाराशी जाऊन थांबली. "उद्या जाणार?"

"हो. सकाळी. दत्ता न्यायला येतोय."

"येतोय?" तिला आश्चर्य वाटलं. मलाही वाटलं होतं.

११ मार्च, बुधवार

घाईत. खाली द.ची जीप येऊन उभी आहे. आत ये म्हटलं तर येत नाही. इंजिन बंद केलंन, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसलाय. पडवीतली माणसं त्याला ओळखतात, कुजबुजताहेत.

कपाट उघडून पांढरा शर्ट काढला. वै. मागे उभी होती, केस ओले, हातात आजच्या भेटींचा कागद. म्हणाली, "पांढरा नको. फोटो काढतील, त्यात आमच्या पक्षाचे दिसाल."

तिच्या आवाजावरून कळेना. टोमणा होता, की सांगणं होतं. तोंड बघितलं, तिथेही कळेना. इतक्या वर्षांचा संसार, खोटा चेहरा ओळखता येतो म्हणणारा मी.

तिने निळा काढला, हँगरसकट माझ्या हातात दिला, आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिथून खाली दत्ता दिसतो. तो वर बघत नाही. तीही बहुतेक त्याच्याकडे बघत नसेल. कदम दोनदा हाक मारून गेला, "ताई, उशीर होतोय."

बटणं लावतोय आणि लिहितोय. एक बटण राहिलंय, जाताना लावतो.